नाव न घेता सापडलेली नोंद

मुलांनो, परवा फोनवर म्हणालात की तुमचा डेटाबेस संथ झालाय आणि सगळे नवा सर्व्हर मागताहेत. म्हणून हे आजच लिहिते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी मोहोपाड्याच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नोंदी सांभाळत असे. कामगारांची कार्डं नुकतीच कॉम्प्युटरवर गेली होती. सकाळी टोकन नंबर दिला की नोंद लगेच दिसे. दुपारी मात्र मशीन अडून बसे. इंजिनिअर म्हणत, "मोठं मशीन मागवू."

एका दुपारी एक बाई तापाने फणफणलेली मुलगी घेऊन आली. मुलीला कोणतं औषध सोसत नाही, ते तिच्या वडिलांच्या नोंदीतच होतं.

"नवऱ्याचं नाव?" मी विचारलं.

"नाव कसं घेऊ बाय? कुंभिवलीचे हायत, बॉयलरवर."

"टोकन नंबर?"

"तो त्यांच्या खिशात हाय."

मी गाव टाकलं. मशीन पहिल्यापासून एकेक नोंद चाळत बसलं. मुलगी कण्हत होती आणि डॉक्टर सुई हातात धरून थांबले होते. अखेर नोंद आली, औषध बदललं.

मग आठवडाभर मी प्रत्येक अडलेला शोध वहीत लिहिला. जवळजवळ सगळे गावावरून होते, कारण दुपारी बायका येत. इंडेक्स, म्हणजे नोंद थेट शोधून देणारी सूची, होता फक्त टोकन नंबरवर. इंजिनिअरांनी वही वाचली आणि गावावरही इंडेक्स केला.

पुढच्या खेपेला तीच बाई हसली, "आज लगेच घावलं गं! नाव नाय घेतलं तरी."

मोठं मशीन मागवावंच लागलं नाही; ते जुनंही पुढे भंगारात गेलं. वही माझ्या कपाटात आहे.