एका घरातल्या दोन काविळी

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही खालापूरजवळच्या एका गावात राहायचो. नवरा रसायनीला कारखान्यात फिटर होता आणि गावच्या कबड्डी संघात चढाईला पहिला. त्याला कधी साधी सर्दी झालेली मी पाहिली नव्हती.

आधी आमची चार वर्षांची मुलगी आजारली. दोन दिवस जेवली नाही, एकदा ओकली आणि तिसऱ्या दिवशी अंगणात लंगडी खेळायला लागली. आम्ही ते विसरूनही गेलो. महिन्याभराने नवऱ्याला ताप भरला. डोळे पिवळेजर्द, भाताच्या वासानेही मळमळ. कबड्डीचा गडी भिंत धरून मोरीपर्यंत जायला लागला.

सासूबाईंनी कुठूनशी काविळीची माळ आणून त्याच्या डोक्यावर ठेवली. ती लांबत लांबत खाली उतरली की कावीळ उतरली, म्हणे. दुसऱ्या दिवशी मात्र नवरा, सासूबाई आणि मी एसटीने कर्जतच्या डॉक्टरांकडे गेलो.

माळ बघून डॉक्टर हसले. "राहू द्या. फक्त झाडपाल्याचं काही पोटात देऊ नका. घरात आधी कोणी आजारी होतं?"

मी मुलीचं सांगितलं.

"तिलाही कावीळच झाली असणार. लहान मुलांत कित्येकदा कळतही नाही."

सासूबाई चिडल्या. "येवढीशी पोर दोन दिसांत खेळाया लागली, न ह्यो रेडा आडवा? असं कसं वो?"

"आजी, हा विषाणू स्वतः यकृताची फारशी नासधूस करत नाही. त्याला हुडकायला शरीराचे शिपाई निघतात, ते तो ज्या पेशींत लपलाय त्या पेशीच मारतात. मोठ्या माणसात ही मारामारी जोरात होते. विषाणू पोटात किती गेला, कोणत्या जातीचा, त्यानेही फरक पडत असेल. ते मात्र मलाही नक्की माहीत नाही."

"म्हंजे याच्याच घरची मानसं घर फोडतात!"

"तसंच. आता विश्रांती, आणि पाणी उकळून."

तुम्हा दोघींना लहानपणीच होऊन गेली असेल, म्हणून आता लागली नाही, असंही ते म्हणाले. सासूबाईंना त्याचा भारी अभिमान वाटला.

सहा आठवडे नवरा ओटीवर पडून होता. मुलगी शेजारी बसून त्याला दटावायची, "बाबा, मी बघा कशी लवकर बरी झाले!" तो बिचारा पेज पीत हसायचा. सासूबाईंनी शिपायांची गोष्ट विहिरीवर इतकी रंगवून सांगितली की निम्म्या गावात पाणी उकळायला लागलं.

डोळ्यांतला पिवळेपणा गेल्यावर त्याने पहिल्यांदा मागितली ती सुक्या बोंबलांची चटणी. तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिथेच, ताटावर, त्याला झोप लागली.