बुधीचा अंगठा

भित्रेपणाचं बक्षीस द्यायचं ठरलं असतं, तर पाड्यात बुधीशिवाय दुसऱ्या कोणाचं नावच निघालं नसतं. पोलिसाला ती भ्यायची, मोटरसायकलीला भ्यायची, ऑफिसातल्या रिकाम्या खुर्चीलासुद्धा भ्यायची. रानातली करटोली विकायला निजामपुऱ्याच्या बाजारात बसली आणि गिऱ्हाईक जरा चढ्या आवाजात बोललं, तर ही बया मूठभर जास्तच घालून मोकळी व्हायची. असल्या बाईवर पंधरा ऑगस्टला ग्रामसभेत उभं राहायची वेळ आली.

झालं होतं ते असं. दहा दिवसांमागं पाड्याच्या मसणवटीत दोन माणसं फीत घेऊन आली आणि चुन्याच्या रेघा मारू लागली. बुधी तिथंच लाकडं वेचत होती. त्या जागेत पाड्याची सगळी माणसं पुरलेली, आणि कुड्याच्या झाडाखाली बुधीची मनिषा. चार वर्षांची पोर, तापानं गेली, त्याला आता अकरा वर्षं झाली. चुन्याची रेघ त्या झाडाच्या बरोबर अंगावरून गेली होती.

बुधी पळत सुटली ती थेट अंगणवाडीच्या वैशालीताईकडे. ताई गावातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या, पण पाड्याशी माया असलेल्या. त्यांनी पंचायतीत जाऊन चौकशी केली आणि संध्याकाळी सांगितलं, "बुधी, जागा गोदामाच्या रस्त्याला द्यायचा ठराव सव्वीस जानेवारीलाच झालाय. खाली तुमच्या सगळ्यांचे अंगठे आहेत."

"आम्ही कवा दिलं?"

"जिलेबीच्या वेळी."

बुधीला आठवलं. झेंडावंदन झालं की रजिस्टर यायचं, पाड्यातली माणसं ओळीनं अंगठा द्यायची आणि पलीकडून जिलेबी घ्यायची. हजेरीच ती, असं सगळे समजायचे. वर कोरी जागा सोडलेली असते आणि ती नंतर भरता येते, हे जिलेबी खाताना कोणाच्या डोक्यात येणार?

"पण अजून वेळ गेली नाही," वैशालीताई म्हणाल्या. "एक मेची सभा भरलीच नाही, म्हणून पंधरा ऑगस्टला त्या जानेवारीच्या सभेचं लिखाण वाचून कायम करायचं असतं. एरवी वाचतच नाहीत. कोणीतरी उठून 'वाचा' म्हणायला हवं, आणि हरकत लिहून घ्यायला लावायला हवी. एकदा कायम झालं की मग कोर्टकचेऱ्या."

कोणीतरी म्हणजे कोण, ते बुधीला कळलं आणि ती उठून घरी निघाली.

भीती उगाच नव्हती. तिचा नवरा किशन त्याच गोदामात माल उतरवायला जायचा. पंचायतीतल्या चौकशीची कुणकुण लागून दोनच दिवसांत गोदामाचा सुपरवायझर कुमार पाड्यावर आला. गाडीवरून उतरलासुद्धा नाही. हसून म्हणाला, "काय वहिनी, किशनची ड्युटी बरी चाललीय ना? टेमघरपासून पोरं रांग लावून उभी आहेत त्या जागेसाठी." बुधीच्या हातातला हंडा हिंदकळून अर्धा सांडला. त्या दिवसापासून अंगणात गाडीचा आवाज आला की ती चुलीमागं जाऊन उभी राहायची.

किशन एवढंच म्हणाला, "गप ऱ्हा. मेलेल्यांसाठी जित्यांनी उपाशी मरायचं काय?" म्हणाला खरा, पण तिच्याकडं बघून म्हणाला नाही.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी बुधी उठलीच नाही. गोधडी डोक्यावरून घेऊन पडून राहिली. तिची सासू, आक्का, शेजारी येऊन बसली.

"मला न्हाय जमायचं," बुधी आतूनच म्हणाली. "मास्तर दरसाल सांगतात, देशासाठी लोकं हासत फासावर गेली. ती लोकं येगळी. माझी तं पाचावर धारण बसली."

"माझा बाप दामू तुला म्हायत न्हाय," आक्का म्हणाली. "त्येच्या काळात जमीनदाराकडं वेठीला जायाला लागायचं, फुकाट राबायला. एक दिस म्हणाला, आता मी न्हाय येनार. हासत न्हाय म्हणाला. आदल्या दिसापासून तीनदा परसाकडं जाऊन आला. थरथर कापत होता, आमची आय सांगायची. त्येला झाडाला बांधून मारला. हात मरेस्तवर सरळ झाला न्हाय. पन फुडल्या साली पाड्यातनं कोन वेठीला गेलं न्हाय." आक्का थोडी थांबली. "भ्याला होता गं. पन गेला न्हाय."

मास्तरांच्या भाषणांनी जे वीस वर्षांत झालं नाही, ते त्या परसाकडच्या गोष्टीनं केलं. म्हणजे बुधी शूर झाली असं समजू नका. भीती होती तेवढीच राहिली. फक्त भ्यालेल्या माणसालाही उभं राहता येतं, एवढं तिला कळलं. तिनं लुगडं नेसलं आणि निघाली.

झेंडा चढला. टाळ्या झाल्या. सभामंडपात पहिल्या रांगेत कुमार पायावर पाय टाकून बसला होता. ग्रामसेवकांनी रजिस्टर उघडलं आणि एका दमात म्हणाले, "मागील सभेचे इतिवृत्त वाचले असे समजून कायम करण्यात येत आहे, हरकत नाही ना कोणाची?"

बुधी उभी राहिली. कानात नुसता घूं आवाज. कुमारची मान वळली. किशननं मागून पदर ओढला.

"वाचा," ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही. पुन्हा म्हणाली, "वाचा."

कोणीतरी हसलं. ग्रामसेवक म्हणाले, "बाई, सरकारी भाषा आहे. तुम्हाला काय समजणार?"

"न्हाय समजलं तं परत वाचा."

आता हसणं थांबलं. वैशालीताई खुर्चीवरून म्हणाल्या, "नियम आहे, वाचा." ग्रामसेवकांनी घाम पुसला आणि वाचायला घेतलं. सर्वे नंबर आला, क्षेत्रफळ आलं आणि मग आलं, "सदर जागा पडीक असून कोणाच्याही वापरात नाही."

"माझी मनिषा हाय तिथं," बुधी म्हणाली.

कुमार मागं वळून शांतपणे म्हणाला, "किशन, बायकोला खाली बसव."

किशन उठला. आता हा सगळ्यांसमोर दंडाला धरून ओढणार, म्हणून बुधीनं डोळे मिटून घेतले.

"पोर माझी पन हाय," किशन म्हणाला. "खड्डा मी खणला. हरकत लिवून घ्या."

"उद्यापासून येऊ नकोस कामावर," कुमार म्हणाला.

"बरं," किशन म्हणाला. पण खाली बसला नाही.

पाड्याची माणसं एकेक करून उठायला लागली. ग्रामसेवकांनी सरपंचांकडं बघितलं, सरपंचांनी जमिनीकडं. शेवटी ग्रामसेवकांची लेखणी चालली. लिहून झाल्यावर त्यांनी रजिस्टर बुधीपुढं सरकवलं आणि शाईचा डबा उघडला.

बुधीनं शाईवर अंगठा टेकवायला हात पुढं केला. कुमार दारात उभा राहून तिच्याकडंच बघत होता. घरी जाताना रस्त्यात काय होईल, उद्या चूल कशी पेटेल, सगळं तिच्या डोळ्यांपुढं उभं होतं. तरी तिनं हात मागं घेतला.

"काय लिवलं, ते आधी वाचा."

ग्रामसेवकांनी वाचलं. पोरीचं नाव आलंय का, ते तिनं मुद्दाम विचारलं. आलंय म्हटल्यावर अंगठा दिला.