मागच्या खिशातले हात

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. पण माफी एवढ्याचीच. पुढं जे लिहिलंय त्याची मागणार नाही.

आमचे मॅनेजर भांडायला निघाले की आधी दोन्ही हात पँटच्या मागच्या खिशात घालायचे.

आपल्याकडं माणूस भांडायला निघाला की बाह्या सरसावतो. यांचं उलटं. हात मागं, पोट पुढं, आणि सावकाश चालत अंपायरच्या नाकासमोर जाऊन उभे. अंपायरला बोट जरी लागलं तरी बाहेर काढतात, असा बेसबॉलचा नियम आहे. म्हणून हात कोंडून ठेवायचे. मग तोंड मोकळं.

मॅनेजर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं बँकेतला येईल, टेबलामागं बसलेला. बेसबॉलचा मॅनेजर तसा नसतो. कोण खेळणार, कोण बसणार, कुणाला कधी बदलायचं, हे तो ठरवतो. स्वतः खेळत नाही, तरी खेळाडूंसारखेच कपडे घालतो. हे साठीचे, पोट सुटलेले, आणि पोरांसारखी घट्ट पँट अन् गुडघ्यापर्यंत मोजे! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले होते.

मी त्यांच्या टीमचे कपडे धुवायचे. ही पंच्याऐंशी सालच्या पुढची-मागची गोष्ट. आम्ही अमेरिकेत, चँडलरला, माझ्या दिरांच्या आधारानं आलो. भावजी इंजिनिअर, जाऊबाई कॉलेज शिकलेल्या. माझ्या नवऱ्याला एका गोडाऊनमध्ये काम मिळालं आणि मला या मैदानावरच्या धुलाईच्या खोलीत. टीम लहान होती. इथं चांगला खेळला की वरच्या मोठ्या टीममध्ये बोलावतात, त्या आशेवरची सगळी पोरं.

जाऊबाई म्हणाल्या, "मराठी मंडळात कुणी विचारलं तर स्पोर्ट्समध्ये जॉब आहे म्हणून सांग. कपडे धुते म्हणू नकोस." मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी तोंडातून शब्द फुटला नसता. तेव्हा माझं इंग्रजी तीन शब्दांचं होतं. येस, नो, सॉरी. त्यातला सॉरी सगळ्यात जास्त चालायचा.

धुलाईची खोली प्रेक्षकांच्या बाकांच्या खाली, जमिनीत अर्धी गेलेली. भिंतीत वर एक आडवी फट होती, तिच्यातून मैदान दिसायचं, पण माणसं कमरेपर्यंतच. सगळा खेळ मी कमरेखालून बघितला. कुणाचे पाय घाबरलेत, कुणाचे आळशी आहेत, हे मला कळायचं. आणि मॅनेजरचे खिसे दिसायचे. भांडण मोठं असलं की हात आत आत जायचे आणि शिवण उसवायची. दुसऱ्या दिवशी खिसा शिवायचं काम माझं. खिसा किती फाटलाय यावरून आदल्या दिवशी काय झालं ते मी सांगू शकायचे.

बाकीची पोरं कपडे जमिनीवर ढिगात फेकायची. हे एकटे स्वतःचे कपडे स्वतः आणून द्यायचे, घडी करून, खिसे रिकामे करून. जिंकले त्या दिवशीची घडी आणि हरले त्या दिवशीची घडी, दोन्ही अगदी सारख्या. मी मुद्दाम बघायचे. एकदाही चुरगळा सापडला नाही.

"थँक्यू, मॅम," म्हणायचे. मला आयुष्यात आधी कुणी मॅम म्हटलं नव्हतं.

टीमच्या ऑफिसात मालकाचा जावई बसायचा. मी मनात त्याला जावईबापू म्हणायचे, कारण त्याचा रुबाब तसाच होता, कायम मांडवात बसल्यासारखा. एका उन्हाळ्यात त्यानं स्वस्तात लाल मोजे आणले. मी ते हातात घेतले, ओला अंगठा घासला, अंगठा लाल. कच्चा रंग. पहिलं नवं लाल लुगडं धुतलेल्या कुठल्याही बाईला हे कळतं. मी म्हटलं, "सर, कलर... नो गुड." त्यानं वरही बघितलं नाही. म्हणाला, "सगळं एकत्र टाक. गरम पाण्यात. दोन तासांत पाहिजेत."

मला ठाऊक होतं आणि मी टाकले.

सगळ्या टीमचे पांढरेशुभ्र कपडे गुलाबी झाले. साधे नाही, बारशाच्या झबल्यासारखे. पोरं डोक्याला हात लावून बसली. मी कोपऱ्यात उभी राहून सॉरी सॉरी करत होते. मॅनेजर आले. त्यांनी ढिगातली आपली पँट काढली, उजेडात धरली, वास घेतला.

"स्वच्छ आहे," म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी घालून बाहेर पडले.

समोरच्या टीमनं शिट्ट्या मारल्या, कुणीतरी मुके फेकले. हे मैदानाच्या मधोमध गेले, गुलाबी पँटच्या मागच्या खिशात हात घातले आणि लोकांचं हसून होईपर्यंत उभे राहिले. त्यांच्या मागून एकेक पोरगं गुलाबी होऊन बाहेर आलं. त्या दिवशी ती पोरं अशी खेळली की विचारू नका. मी फटीतून बघत होते. एकाचेही पाय घाबरलेले नव्हते.

पण जावईबापूनं माझ्या पगारातून दर आठवड्याला बारा डॉलर कापायला सुरुवात केली. नुकसानभरपाई म्हणे. मी घरी सांगितलं नाही. आमचे हे विचारायचे, "या आठवड्यालाही कमी?" मी म्हणायचे, काम कमी होतं.

मॅनेजरांना कसं कळलं कोण जाणे. ते कपड्यांची घडी घेऊन आले आणि विचारलं, "मॅम, रंग जाणार हे तुम्हाला माहीत होतं?"

मी मान हलवली.

"त्याला सांगितलंत?"

"वन टाइम."

"आणि मग?"

मग काय? मग मी टाकले. मी खाली बघितलं.

ते मशीनवर टेकून बसले. म्हणाले, "हे बघा, मी अंपायरशी भांडतो ना, तो निकाल कधीच बदलत नाही. मलाही ठाऊक असतं. पण जे दिसलं ते सांगायचं आणि लगेच निघून जायचं नाही. थोडं उभं राहायचं. पुढच्या वेळी त्याच्या लक्षात राहतं की इथं कुणीतरी बघतंय." हे सगळं मला तेव्हा समजलं असं नाही. त्यांनी उठून, हात मागं घालून, उभं राहून दाखवलं. तेवढं समजलं.

ते ऑफिसात गेले. त्यांचा आवाज खालपर्यंत आला. जावईबापू म्हणाला असावा की मला वेळ नाही, कारण मॅनेजरांचं उत्तर नेहमीचं होतं, जे ते अंपायरलाही द्यायचे, "आय हॅव ऑल डे." मला तर अख्खा दिवस मोकळा आहे. शेवटी जावईबापू कबूल झाला, कपात थांबवतो, कापलेले सीझन संपल्यावर परत देतो. सात आठवडे कापून झाले होते. चौऱ्याऐंशी डॉलर.

आता खरं सांगायचं ते.

टीममध्ये एक पिचर होता, एकतीस नंबरचा. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. उंच, हसरा गडी. त्याला बघायला मोठ्या टीमची माणसं शनिवारी येणार होती. जावईबापूनं त्याचा फोटो लावून तिकिटं विकली होती. शुक्रवारी कपडे निवडताना त्याचा आतला शर्ट हातात आला. उजव्या बाहीला मलमाचा उग्र वास, आणि कोपराजवळ बाही कात्रीनं कापलेली. बाही कोण कापतं? ज्याचा कोपर सुजून बाहीत मावत नाही तो.

माझा थोरला भाऊ तालमीत जायचा. जत्रेतल्या कुस्तीच्या आधी त्यानं असाच कोपर लपवला होता. त्याचे कपडे मीच धुवायचे, दहा वर्षांची होते. तेलाचा वास ओळखला आणि गप्प बसले, कारण तो म्हणाला, "आईला सांगशील तर बघ." तो आजही डाव्या हातानं जेवतो. उजव्या हातानं घास तोंडापर्यंत जात नाही.

मॅनेजर आले. मी शर्ट पुढं केला. "थर्टी-वन. हँड. बॅड."

त्यांनी बाहीचा वास घेतला. "नक्की?"

"येस." आणि मी हलले नाही. त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग शर्टाची घडी घातली आणि काखेत मारून निघून गेले.

शनिवारी माझ्या दाराबाहेरच्या बोळात दोघांची जुंपली.

"तो खेळणार!" जावईबापू ओरडत होता.

"नाही."

"तिकिटं विकलीत मी त्याच्या नावावर!"

"मग तूच फेक चेंडू."

"सोमवारी तुझी नोकरी राहणार नाही, कळतंय?"

"आज शनिवार आहे," मॅनेजर म्हणाले. मला दारातून त्यांची पाठ दिसत होती. दोन्ही हात खिशात. चर्रकन आवाज झाला, मग दुसरा. दोन्ही खिसे फाटले, पण हात बाहेर आले नाहीत.

ते सामना वाईट हरले. लोकांनी कागदाचे पेले फेकले. सोमवारी त्यांना काढलं.

भावजींनी पेपर मोठ्यानं वाचला. त्यात मॅनेजरांचं म्हणणं होतं, "निर्णय माझा. मला कुणी काही सांगितलं नव्हतं." भावजी हसले. "काय वहिनी, तुमचा मॅनेजर तर क्रेझीच निघाला! कुणी काही सांगितलं नाही आणि स्टार पिचरला बेंचवर बसवतो? अशानं टीम चालते का?" जाऊबाई म्हणाल्या, "रेकॉर्ड बघा ना त्याचं, जिंकण्यापेक्षा हरलाच जास्त." मी पोळ्या लाटत होते. माझं नाव त्यांनी घेतलं असतं तर माझीही नोकरी गेली असती. मी गप्प राहिले.

म्हणून इथं लिहिते. सांगितलं होतं. मी सांगितलं होतं. एका धुणेवालीचं त्यांनी ऐकलं, ते खरं मानलं, आणि त्याची किंमत एकट्यानं भरली. चांगला मॅनेजर कसा ओळखायचा हे भावजींनी मला शिकवू नये. त्यांनी खेळ वरून बघितला. मी खालून बघितलाय.

पुढच्या वर्षी एकतीस नंबरचा शर्ट पुन्हा माझ्याकडं धुवायला आला. बाही अख्खी होती आणि वास फक्त घामाचा. त्याला माझं काही ठाऊक नाही. न का असेना.

पण ते पुढच्या वर्षी झालं. सोमवारी मॅनेजर गेले तेव्हा मी आले नव्हते. मशीनवर त्यांचे कपडे होते, घडी करून. शर्ट, मोजे, आणि दोन्ही खिसे लोंबणारी पँट. धुवून धुवूनही तिच्यावर गुलाबी छटा राहिलेली. हरून, नोकरी जाऊन केलेली घडी. मी बघितली. तशीच होती.

जावईबापू डोकावला. "ती पँट फेकून दे."

मी खिसे कापून घेतले आणि मगच फेकली. कामावर घालायच्या माझ्या पांढऱ्या डगल्याला ते मागच्या बाजूनं शिवले, दुहेरी टाक्यानं. आमचे हे म्हणाले, "मागं कुणी खिसे लावतं का? त्यात ठेवणार काय?"

"हात," मी म्हटलं.

सीझन संपला. चौऱ्याऐंशी डॉलरचं नाव कुणी काढेना. ज्यांच्याशी ठरलं होतं ते गेले, म्हणजे ठरलेलंही गेलं, असं जावईबापूला वाटलं असावं. शेवटच्या दिवशी मी जिना चढून ऑफिसात गेले. तो जिना मी आधी कधी चढले नव्हते. त्याच्या टेबलासमोर उभी राहिले आणि हात मागच्या खिशात घातले.

"काय पाहिजे?"

"माय मनी. एटी-फोर."

"आत्ता वेळ नाही."

मी उभी. त्यानं फोन केला. मी उभी. तो सँडविच खाऊन आला. मी उभीच. हात आत आत जात होते, पण खिशांना टाके दुहेरी होते.

"दिवसभर इथंच उभी राहणार आहेस का?" तो ओरडला.

"येस," मी म्हटलं. "आय हॅव ऑल डे."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग जरा वाकून माझे हात कुठं आहेत ते बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं ड्रॉवर ओढला. चाळीस ठेवले. म्हणाला, बाकीचे पुढच्या महिन्यात. मी हलले नाही. आणखी वीस ठेवले. मी हलले नाही. मग दहा, मग पाच, मग एकेक करत नोटा, आणि शेवटचे दोन डॉलर त्यानं स्वतःच्या खिशातली मोड टेबलावर आपटून पुरे केले.

मी मनातल्या मनात सगळे मोजले. चौऱ्याऐंशी पूर्ण भरले, तेव्हाच मी हात बाहेर काढले.