गयाबाई आणि चार इसब

गयाबाई दवाखान्यात शिरल्या की आधी बसत नसत. सोबत आणलेल्या बाईचं मनगट धरून तिचा हात वर करायच्या आणि बाकावरच्या सगळ्यांना दाखवायच्या. "बघा, नीट बघा. इसब हाय. कुणाला लागत नाय. आता सरका थोडं." लोक सरकायचे. काही लाजून, बरेचसे त्यांच्या आवाजाला भिऊन.

दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या बारा बायकांच्या टोळीच्या त्या मुकादम. मी नाशकात सीबीएस बसस्टँडजवळ एका त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नंबर लावायला आणि मलमं द्यायला होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. पहिल्यांदा त्या आल्या ते टोळीतल्या हिराला घेऊन, आणि आल्या आल्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, ऑक्टोबरचं ऊन, अन्‌ लांब बाह्या?"

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. माझ्या दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला लहानपणापासून इसब. "झाकून ठेव, तुझं लग्न व्हायचंय," असं आई म्हणायची. लग्न झालं, मूल झालं, बाह्या लांबच राहिल्या. इसब संसर्गाने पसरत नाही हे मी रोज दहा पेशंटना सांगायचे आणि स्वतः घामाने भिजायचे. आपला शहाणपणा हा असा.

हिराची गोष्ट वेगळी होती. तिची रोजीच जायच्या बेतात होती. छाटणी झाल्यावर वेलीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना औषधाची पेस्ट लावतात, ती लावल्यापासून तिचे हात फुटून पाणी गळायला लागलं होतं. टोळीतल्या बायकांनी "खरूज झाली" म्हणून तिचा पाण्याचा पेला वेगळा केला. बागवाल्याने तर उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पेस्टचं काम चार दिवसांवर ढकलता येत नाही, हे गयाबाईंना पक्कं माहीत. त्यांनी बांधावर फतकल मारली. "हिरा नाय तर टोळी नाय. लावा तुमची पेस्ट तुम्हीच." मग त्या टोळीकडे वळल्या, हिराच्या पेल्यातलं उरलेलं पाणी गटागटा प्यायल्या आणि म्हणाल्या, "मला खरूज झाली तर बोला." बागवाल्याने हात बरे करायला आठ दिवसांची मुदत दिली.

डॉक्टरांनी मलम दिलं, रबरी हातमोजे घालायला सांगितले. पाचव्या दिवशी दोघी परत आल्या. हात आधीपेक्षा वाईट! हिरा रडत होती. डॉक्टर दुसरं मलम लिहायला लागले. तेवढ्यात गयाबाईंनी तिचं मनगट दिव्याखाली ओढलं. "एष्टीत सारखं हेच बघत होते. डॉक्टर, मनगटाशी बघा, कसा दोरी लावल्यागत थांबलाय. रोगाला हद्द कुठून कळली?"

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. हिराने पिशवीतून काळे रबरी मोजे काढले. हात जपायचे म्हणून ती ते भांडी घासतानाही घालायची, अगदी भाकरी थापतानाही काढायची नाही. मोजा जिथे संपत होता, तिथेच इसब संपत होता. पेस्टच्या जोडीला हिराला रबरही सोसत नव्हतं. "चूक माझी," डॉक्टर म्हणाले, "मी विचारायला हवं होतं." आत सुती मोजा आणि वर साधा प्लॅस्टिकचा, एवढ्यावर हिराचा हात वळणावर आला. आठव्या दिवशी ती कामावर होती.

मोज्यांचं कळलं त्या दिवशी गयाबाई डॉक्टरांसमोरून हलेनात. "इसब किती परकारचे, ते सांगा. मला बायका सांभाळायच्यात." डॉक्टरांनी सांगितलं, आणि गयाबाईंनी आपल्या भाषेत बसवून घेतलं. लेकरापासून असतो, कोपराच्या नाहीतर गुडघ्याच्या लवणीत खाजतो, तो जन्माचा; हे म्हणताना त्यांची नजर माझ्या बाह्यांवर होती. औषधाने, रबराने, गाजरगवताने येतो तो कामाचा. गोल चकत्यांचा असतो, लोक गजकर्ण समजून भलतंच चोळतात, तो नाण्याचा. आणि चौथा? त्यांनी लुगडं जरा वर केलं. घोट्याजवळची कातडी काळीभोर, खवल्यांची. "दिवसभर उभं राहून होतो हा. पाय वर घेऊन बसा," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे हा उभ्याचा," गयाबाई म्हणाल्या. "अन्‌ बसू कवा?"

एकदा मात्र त्यांची चांगलीच फजिती झाली. एका घरातली चार माणसं "लागत नाय" म्हणत पुढे घातली, आणि ती निघाली खरीखुरी खरूज. डॉक्टर रागावले. गयाबाईंनी हुज्जत घातली नाही. त्या गावात परत गेल्या आणि दारोदार सांगितलं, "मी चुकले. हे लागतं. समद्यांनी औषध घ्या, कपडे उकळा. पण त्यांना हाकलू नका." मला ही गोष्ट त्यांच्या सगळ्या भांडणांपेक्षा मोठी वाटते.

माझ्या बाह्यांवर त्या पुढे कधी बोलल्या नाहीत. फक्त जाताना म्हणायच्या, "जन्माचा ना? मग जन्मभर लपवणार व्हय?" मी हसून वेळ मारून न्यायचे.

दोन हजार सालानंतर कधीतरी त्या गेल्या. दहाव्याला मी गेले ती अर्ध्या बाह्यांचं पोलकं घालून. आयुष्यात पहिल्यांदाच. हिरा आता टोळीची मुकादम होती, पंगतीत भाकऱ्या वाढत होती. मी वरणाची बादली घेतली. एका म्हातारबाबांनी माझ्या कोपराकडे पाहिलं आणि पत्रावळ मागे ओढली. "ये बाय, हे काय? लागायचं ना!"

हिरा तोंड उघडणार तेवढ्यात मीच बोलले. आवाज इतका मोठा निघाला की पंगत थांबली. "बघा बाबा, नीट बघा. इसब आहे. जन्माचा. कुणाला लागत नाही."

बाबांनी खरंच नीट पाहिलं. मग पत्रावळ पुढे सरकवली.

"मग वाढ की. अन्‌ जरा घट्ट वाढ."