गेटवरची जयवंता आणि नववीचे डबे

माझी नात ईशा नववीत आहे. सकाळी साडेसातला ती हैद्राबादच्या नल्लकुंट्यातल्या आमच्या गल्लीतून शाळेच्या ऑटोत बसते. त्यात सात मुली, मांडीवर दप्तरं, आणि दप्तरांवर पुन्हा कुणाचा तरी शेवटच्या क्षणी उतरवायचा गृहपाठ. डबा ती नेत नाही, गार जेवण तिच्या घशाखाली उतरत नाही. म्हणून बाराला गरम जेवणाचा कॅरियर भरायचा, नॅपकिनमध्ये गाठ मारून बांधायचा, शेअर ऑटोने निघायचं आणि सव्वाबाराला शाळेच्या गेटवर द्यायचा, हे माझं काम.

गेटवर डबे घेते ती जयवंता. पोरी तिला आयम्मा म्हणतात. वय पन्नाशीपुढे, मूळ नांदेडकडची, लग्न होऊन हैद्राबादला आलेली, बावीस वर्षं याच शाळेत. तिची गीता इथेच शिकली, आता एका दवाखान्यात नर्स आहे. साठेक कॅरियर ती वर्गवार बाकावर मांडते. कुठला कुणाचा हे तिला पाठ, वरची नावाची चिठ्ठी बघत नाही. बारा चाळीसला घंटा झाली की पोरी धावत येतात आणि हिचं तोंड सुरू होतं. "ए पोरी, ढकलू नगं! डबा काय पळून चालला का तुझा?"

मला ती आवडायची. मग एके संध्याकाळी ईशा म्हणाली, "आज्जी, तू हल्ली गाठ लूज बांधतेस. वरण सांडलं नॅपकिनवर."

मी गाठ सैल बांधत नाही. कॉन्व्हेंटात शिवणाच्या तासाला सिस्टरनी शिकवलेली गाठ मी साठ वर्षं तशीच मारते.

दुसऱ्या दिवशी कॅरियरच्या खटक्यात निळा दोरा अडकवला आणि ईशाला उघडण्याआधी बघायला सांगितलं. ती म्हणाली, "तू पोलिसात जायला पाहिजे होतं." पण बघितलं. दोरा नव्हता. सलग तीन दिवस नव्हता. चौथ्या दिवशी मोजून चार पुरणपोळ्या ठेवल्या. चारही ईशाला मिळाल्या. काही कमी होत नव्हतं, त्यामुळे माझा संशय वाढलाच. चोरायचं नाही, तर उघडायचं कशाला? जयवंता कॅरियर घेताना माझ्या डोळ्यांत बघायचं टाळते, असंही वाटायला लागलं. तिचा हात अन्नाला लागला म्हणून राग आला का, असं नंतर मी स्वतःला विचारलं. नाही, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

मी प्रिन्सिपल मॅडमना इंग्रजीत पत्र लिहिलं. तारखा घातल्या. गेटवरच्या आयाचं नाव घातलं.

सोमवारी पत्र दिलं, शुक्रवारी अकराला बोलावणं आलं. ऑफिसबाहेरच्या बाकावर जयवंता आधीच बसली होती. मी दुसऱ्या टोकाला बसले.

"तुमीच लिवलं ना?" ती समोर बघतच म्हणाली. "एक तारखेपासून येऊ नको म्हनले मला."

"तू डबे उघडत होतीस की नाही?"

"हौ. उघडत होते."

"का?"

"सांगितलं म्हनून. सुपरवायझर मिसनं. अंडं, मटण कोन आनतं ते बघ म्हनली. कुनाचे बघायचे त्याची चिठ्ठी दिली."

मला खरं वाटलं नाही. पकडलेला माणूस वरच्याकडे बोट दाखवतोच. "चिठ्ठी दाखव," मी म्हटलं.

तिनं मोबाइलच्या कव्हरमागून घडी काढली. आठ नावं, इंग्रजीत. पाच मुसलमान मुलींची, एक ख्रिश्चन, दोन आडनावांवरून जयवंताच्या, दलित समाजातल्या. लांब आडव्या रेघेचा टी आणि शेपटीवाला वाय मी ओळखला. ईशाच्या शाळेच्या डायरीत "उशिरा आली" असा सुपरवायझर मिसचा इंग्रजी शेरा याच अक्षरात असतो.

"यात ईशाचं नाव नाही," मी म्हटलं. "मग तिचा का उघडलास?"

"आठच उघडले असते तर त्या पोरींला कळलं असतं ना, आज्जी. लेकरं येडी असतात का? आपलीच गाठ सुटलेली, शेजारणीची न्हाई. माझ्या गीतानं असलं लई भोगलंय. म्हनून समद्यांचे उघडले. साठ गाठी. घंटेच्या आत. तुमच्यासारखी गाठ कुनाला बांधता येती? सैल ऱ्हायची."

"सापडलं काही?"

"पाच जनींकडं अंडं. त्यातल्या तिघी चिठ्ठीतल्या न्हाईत."

"मग काय सांगितलंस?"

"चष्मा घरी ऱ्हायला, काय दिसलं न्हाई म्हनलं. बारा दिवस."

मला हसू आलं. तिला आलं नाही. मी विचारलं, "चिठ्ठी आत दाखवू?"

"कागद तुमी लिवला. आता तुमीच निस्तरा." तिनं चिठ्ठी माझ्या हातात दिली.

आत प्रिन्सिपल मॅडमनी माफी मागितली. बाजूला उभ्या असलेल्या सुपरवायझर मिस म्हणाल्या, आयम्मानं हे स्वतःच्या मनानं केलं, तिला काढतोय. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्या म्हणाल्या, हे माझं अक्षर नाही. मी म्हटलं, "ईशाला वर्गातून बोलवा, डायरी घेऊन येईल. शेजारी ठेवून बघू."

ईशाला बोलवायला कुणालाही पाठवलं नाही. मॅडमनी चिठ्ठी उचलली, तसा मी हात पुढे केला. "ती परत द्या. माझी नाही, जिची आहे तिला द्यायची आहे." आणि म्हटलं, "पत्रात मी जयवंतावर आरोप केला, तो चुकीचा होता. तो मागे घेते. तिचं काम राहतं, डबे यापुढे कुणी उघडणार नाही, हे लेटरहेडवर द्या."

मॅडमनी स्वतः टाइप केलं, छापलं, सही केली.

बाहेर येऊन मी जयवंताला दोन्ही कागद दिले. चिठ्ठी तिनं मोबाइलमागे ठेवली. लेटरहेड माझ्याकडून मराठीत दोनदा वाचून घेतलं. एकेका ओळीवर बोट ठेवत होती.

"सही कुनाची?"

"प्रिन्सिपल मॅडमची."

"मिसची न्हाई?"

"नाही. मॅडमची मोठी."

"शिक्का?"

"आहे. हा बघ."

"तारीख?"

तारीख नव्हती. मी कागद घेतला आणि पुन्हा आत गेले.