मला पुसणारी ती तूच का?

नोकरीच्या शेवटच्या दिवशी आक्का डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर उगीच टेकली. समोर भिंतीवर नवा रुंद पडदा होता. पूर्वी तिथं पाठीत फुगलेला बुटका मॉनिटर असायचा, आणि रोग्यांची नावं दाखवणारा त्यावरचा प्रोग्रॅम आक्कानंच लिहिलेला.

नावं ठेवायला तिनं अ‍ॅरे केला होता. म्हणजे ओळीनं कप्पे, दर कप्प्यात एक नाव. कप्पे पंधरा. एका सकाळी गर्दी इतकी की कंपाउंडर म्हणाला, "आक्का, तुझे कप्पे भरले वाटतं!"

"आपोआप वाढतात आता," आक्का तोऱ्यात म्हणाली. प्रोग्रॅममध्ये तशी ओळ तिनं आदल्याच दिवशी घातली होती.

सोळावं नाव टाकलं. कप्पे वाढले, आणि आधीची पंधराही नावं गायब! त्या ओळीत 'प्रिझर्व्ह', म्हणजे आहे ते जप, एवढा शब्द घालायचा राहून गेला होता. कागदावर नावं लिहिणं तर तिनंच बंद करवलेलं.

बाकांवर एकच कालवा झाला.

"मी पहिला!"

"कसला पहिला? माझ्यामागं बसून जांभया देत होतास!"

दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या एक आजी घाबऱ्या झाल्या. "अगं पोरी, डॉक्टर दुपारी जायचेत. आज माझी पट्टी निघायचीय. माझा नंबर गेला का गं?"

आक्कानं मनातल्या मनात देवाला हाक मारली. "नाही जाऊ देणार, आजी. तुमच्या पुढं कोण होतं?"

"तो खोकणारा. आणि त्याच्या पुढं बांगड्या वाजवणारी."

खोकणारा खोकतच म्हणाला, "बरोबर आहे." मग जो तो आपल्या पुढचा माणूस दाखवू लागला. आक्कानं तो राहिलेला 'प्रिझर्व्ह' घातला आणि एकेक नाव पुन्हा चढवलं.

डॉक्टर निघायच्या आत आजींची पट्टी सुटली. बाहेर येऊन त्यांनी आक्काला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मला पुसणारी ती तूच का?"

"हो, आजी."

"दिसायला तर गरीब दिसतेस!"

ते आठवून आक्का एकटीच हसली. पडद्यावर नवं नाव चढलं. वरची सगळी जागच्या जागी होती. नकळत तिचे हात जोडले गेले. मग तिनं पिशवी उचलली.