परतीच्या वाटेवरची थरथर

ओर्वार ते बोलला गावच्या सार्वजनिक गरम पाण्याच्या हौदात, गळ्यापर्यंत पाण्यात बसून, निम्म्या गावासमोर. "गाडीत काही दोष नाही. गॅरेजवाल्याने दोनदा चाकं बॅलन्स करून दिलीत. थरथरतायत ते अर्नदीसचे हात. वय झालं तिचं."

माझं डोकंच फिरलं. "अरे शहाण्या, ती बर्फातून माणसं काढत होती तेव्हा तुझं नाक तुझी आई पुसत होती!" मी ओरडलो. अर्नदीस समोरच बसली होती. ती उठली आणि टॉवेल घेऊन निघून गेली.

ओर्वार आमच्या बचाव पथकाचा नवा प्रमुख. अर्नदीस पथकाची जुनी जीप बावीस वर्षं चालवतेय, एरवी शाळेची बस. आणि मी कोल्बेन, एकोणीस वर्षं तिच्या शेजारी नकाशा घेऊन बसणारा. गाडी नव्वदला पोचली की थडथडते, हे मीही घसा फोडून सांगत होतो. पण माझं ऐकतो कोण? रविवारच्या सभेत चालकांची यादी ठरायची होती आणि ओर्वारला तिचं नाव कापायचं होतं.

मी बाहेर आलो तर ती जीपला टेकून उभी. "पथक सुटलं ना कोल्बेन, तर माझ्यात काही उरत नाही रे," ती म्हणाली. "रविवारपर्यंत दोष शोधते. नाही सापडला तर चावी मीच टेबलावर ठेवीन."

"वेड लागलंय तुला."

"सकाळी सहाला ये. आणि कुरकुर घरी ठेवून ये."

सोमवारी आधी चाकांच्या आतला बर्फ खरवडला. आमच्याकडे गाडी थरथरली की पहिला संशय त्याच्यावरच. तो निघाला, थरथर तशीच. मग खाडीकाठच्या सरळ रस्त्यावर तिने नव्वद गाठली आणि गिअर काढून गाडी नुसती सोडून दिली. तरी थडथड. "म्हणजे इंजिन नाही," ती म्हणाली. "आणि स्टिअरिंग शांत आहे, सीट हलतेय. मागचं काहीतरी आहे." मंगळवारी मला गाडीखाली झोपवून मागची चाकं फिरवणारा शाफ्ट उतरवला. माझी दाढी ग्रीसने माखली. नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी पळवली, तरी थडथड. शाफ्टही निर्दोष सुटला. बुधवारी तिने चाकं पुन्हा बॅलन्स करून आणली आणि थरथर गायब!

मला वाटलं, सुटलो एकदाचे. तिचं तोंड मात्र वाकडंच. "याआधी दोनदा अशीच गेली होती. परत येते कधी, ते सांग."

"येताना," मी म्हणालो. "बॅलन्स करून बर्फावर गेलो तेव्हा जाताना माझी कॉफी सांडली नाही. येताना दोन्ही वेळा पँटवर."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आणि मधे आपण काय करतो? बर्फावर चढायला टायरांतली हवा सोडतो." तिने लगेच पांढरा रंग आणला आणि चारही चाकांवर रिमपासून टायरपर्यंत एकेक सरळ रेघ ओढली. मग ओर्वारच्या नव्या जीपवरही ओढली. न विचारता! मला भलतंच बरं वाटलं.

शुक्रवारी दुपारी बोलावणं आलं. वर पठारावर विजेच्या तारांवर काम करणाऱ्या एकाचा पाय मोडला होता. दोन्ही गाड्या निघाल्या. शेवटच्या चढावर बर्फ साखरेसारखा भुसभुशीत. ओर्वारची जीप पोटापर्यंत रुतली. कशीबशी मागे घेऊन तो रेडिओवर म्हणाला, "वर जाणं अशक्य आहे. मी परत फिरतोय."

अर्नदीस खाली उतरली. तिने टायरांतला दाब पार दोन पौंडांवर येईल इतकी हवा सोडली, टायर पोळीसारखे पसरले. मग माणसाच्या चालीने, इंच इंच करत आम्ही वर पोचलो. तो पाय मोडलेला बिचारा थंडीने निळा पडला होता. त्याला खाली आणून अँब्युलन्समध्ये घातलं, टायरांत हवा भरली आणि घरची वाट धरली. नव्वदला कॉफी माझ्या पँटवर.

"थरथरतेय! कोल्बेन, थरथरतेय!" बाई आनंदाने किंचाळली. कडेला थांबून बघतो तर मागच्या चाकाची रेघ तुटलेली. रिमवरचा तुकडा इथे आणि टायरवरचा वीतभर पुढे. टायर रिमवर सरकला होता. टायरची जड बाजू पुढे गेली, पण तिला तोलणारी बॅलन्सची वजनं रिमला चिकटलेली, ती जागेवरच राहिली. मग गाडी थडथडणार नाही तर काय करणार!

रविवारी तिने सभेत हे चार वाक्यांत सांगितलं. "टायर रिमला चिकटवून घेऊ, संपलं."

ओर्वारने हाताची घडी घातली. "माझ्याही टायरांवर तूच रेघा ओढल्यास. त्या सरळ आहेत. म्हणजे दोष शेवटी चालवणारीचाच ना?"

मी उठलोच होतो. अर्नदीसने माझा स्वेटर ओढून मला खाली बसवलं. "हो, माझ्यामुळेच सरकतो," ती शांतपणे म्हणाली. "इतकी हवा सोडली की सरकतोच. तू किती ठेवली होतीस?"

"पाच पौंड."

"आणि कुठपर्यंत पोचलास?"

ओर्वारचे कान लाल झाले.

"चढापर्यंत," तो म्हणाला. "त्याहून कमी केली तर टायर निघून येईल, अशी भीती वाटली. मला नाही जमत ते." मग यादी पुढे ओढून त्याने तिचं नाव सगळ्यांत वर लिहिलं. "मला शिकायचंय. पुढचा हिवाळाभर तुझ्या शेजारी बसून."

अर्नदीसने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिच्या शेजारची जागा एकच, आणि ती माझी; उठ म्हणून ती मला कधीच म्हणाली नसती. मी मनातल्या मनात ओर्वारला ठेवणीतल्या शिव्या दिल्या. मग उठलो आणि माझी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"ती चढावर असताना बडबडायचं नाही," मी त्याला म्हणालो. "आणि घाबरलास तर घाबरलो म्हणून सांगायचं. ती थांबते." मग मी बाहेर येऊन जीपपाशी उभा राहिलो.